पोटात पेन

नातीच्या वर्कशीटवर लाल शाईच्या चार फुल्या आल्या, आणि चारही माझ्या होत्या.

नात दुसरीत आहे. ‘पेन’शी यमक जुळणारे चार इंग्रजी शब्द शोधा आणि त्यांचे अर्थ लिहा, असा प्रश्न होता. तिनं मला विचारलं. बरोबरच केलं. मी मराठी घेऊन बीए झालेली बाई. कॉलेजच्या हस्तलिखित अंकात माझ्या दोन कविता लागोपाठच्या पानांवर आल्या होत्या आणि दोन्हींत ‘मन’ला ‘पवन’ होता. यमक ही आपल्या घरचीच गोष्ट, अशा थाटात मी हातातला चहाचा कपही खाली न ठेवता सांगितलं: रेन, ट्रेन, चेन, ब्रेन. पोरीनं विश्वासानं लिहून घेतलं. पाऊस, आगगाडी, साखळी, मेंदू. मेंदूचं चित्रही काढलं, ते जिलबीसारखं झालं. बाईंनी जिलबी तेवढी सोडली आणि बाकी सगळ्यावर फुली मारली.

संध्याकाळी सातला माझी लेक बेलापूरच्या ऑफिसातून तिला न्यायला आली, तेव्हा मी तो कागद तिच्यापुढे धरला. म्हटलं, तुमच्या त्या बाईंना एकदा भेटायला पाहिजे. पेन, रेन. यात न जुळण्यासारखं काय आहे?

लेकीनं आधी कागदाकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

“आई, पेनचं हेन होतं, टेन होतं. रेन वेगळं. रे-इन.”

“मी तेच म्हणतेय. रेन.”

“रे-इन.”

“रेन.”

नात मधे बसून एकदा तिच्याकडे, एकदा माझ्याकडे मान वळवत होती. मला खरंच फरक ऐकू येत नव्हता. कानात दोष नाही. सोसायटीत तिसऱ्या मजल्यावर कुकरची कितवी शिट्टी झाली ते मी सांगू शकते. दोष आपल्या बाराखडीत आहे. इ ऱ्हस्व की दीर्घ, उ ऱ्हस्व की दीर्घ, यावरून आम्ही शाळेत हातावर पट्ट्या खाल्ल्या. पण ए एकच. त्याला धाकटा-थोरला कुणी नाही. इंग्रजांकडे दोन आहेत, एक आखूड आणि एक लांबडा, आणि हे त्यांनी जाताना आम्हाला सांगितलं नाही.

लेकीनं पर्स खुर्चीवर ठेवली. ती पर्स ठेवते तेव्हा विषय मोठा असतो. त्यांच्या उलव्याच्या टॉवरमध्ये क्लबहाउसात फोनिक्सचा क्लास आहे, चार वाजता, आठवड्यातून पाच दिवस. फोनिक्स हा मला आधी राखेतून उठणारा पक्षी वाटला. तसं नाही, अक्षरांचे उच्चार शिकवतात. तर पहिल्या तारखेपासून शाळेची बस नेरूळला माझ्या गेटवर न थांबवता थेट उलव्याला न्यायची, असं तिच्या मनात होतं.

“तुला पण टेन्शन नको आई,” ती म्हणाली.

मला कसलंही टेन्शन नव्हतं. सव्वादोनला बस गेटवर येते, तेव्हापासून सातपर्यंत ही पोर माझी असते. वरण-भात, अभ्यास, पत्ते, आणि खालच्या बागेत इतर आज्यांची टिंगल. ती बस वळली तर मला रविवार उरणार, आणि रविवारी काय, सगळ्यांच्याच घरी सगळे असतात. पण हे तोंडानं बोलायची आमच्यात पद्धत नाही. मी म्हटलं, एका वर्कशीटवरून निकाल लावू नकोस. शेवटी ठरलं ते असं: पुढच्या सोमवारी वर्गात तोंडी परीक्षा होती. प्रत्येकानं दोन शब्द घ्यायचे, त्यांची यमकं सांगायची, अर्थ सांगायचे आणि वाक्य करायचं. त्यात जमलं तर बस नेरूळला. चुकलं तर उलवे.

ती गेल्यावर मी कपाटाच्या खालच्या खणातून वही काढली.

ही वही तीसेक वर्षांपूर्वीच्या एका विदुषीची आहे. विदुषी म्हणजे मीच, पण आता माझा तिच्याशी फारसा संबंध नाही. साताऱ्याकडून लग्न होऊन ती इथे आली, सरकारी सोडतीत लागलेल्या दोन खोल्यांत. बिल्डिंगमधल्या सगळ्यांनी मुलं इंग्रजी शाळेत घातली, म्हणून हिनंही लेक घातली. मग हिच्या लक्षात आलं की डायरीत बाई काय लिहितात ते आपल्याला कळत नाही. दुसरी एखादी शेजारणीला विचारती. ही कशाला विचारतेय. हिनं दोनशे पानी वही आणली आणि इंग्रजी भाषा यमकाप्रमाणे लावायला घेतली. युक्तिवाद असा की यमक जुळवता येतं म्हणजे निम्मी भाषा आलीच. उरलेली निम्मी अर्थाची, ती शब्दकोशात आहे.

शब्द अर्थातच देवनागरीत. एका पानावर लिहिलंय: मेन म्हणजे पुरुष. मेन म्हणजे मुख्य. शेजारी लाल शाईत टीप: ‘इंग्रजांतही पुरुषच मुख्य, म्हणून शब्द एकच.’ हे मी शोधून काढलं होतं आणि हळदीकुंकवाला सांगितलंही होतं. पुढे, फेल म्हणजे पडला, फेल म्हणजे नापास झाला, तर्काला धरून. टेस्ट म्हणजे परीक्षा आणि टेस्ट म्हणजे चव. पेपर म्हणजे कागद आणि पेपर म्हणजे मिरी. वेटपाशी मात्र बाई जरा थकलेल्या दिसतात: ‘ओला, थांबा, वजन.’ आणि केक, बेक, टेकच्या खाली: ‘लेक म्हणजे तलाव.’ त्याखाली आणखी एक ओळ, बारीक अक्षरात: ‘आपली लेक नव्हे.’

कुणाची गल्लत होऊ नये म्हणून एवढी काळजी घेणाऱ्या या बाईनं काय केलं ते आता सांगते.

फोन तेव्हा आमच्या बिल्डिंगमध्ये एकच होता, तळमजल्यावरच्या काकूंकडे. काकू शिरवण्याच्या, मूळच्या इथल्या. त्यांनी एका सकाळी खालून हाक मारली, शालेतून फोन हाय. मी पदर सावरून उतरले. खरं तर शाळेतल्या बाईंना मराठी येत असणार. पण मी पहिलंच वाक्य ‘यस, मदर स्पीकिंग’ असं टाकलं, त्यामुळे त्या बिचाऱ्या इंग्रजीतच राहिल्या.

“युवर डॉटर हॅज पेन इन स्टमक,” बाई म्हणाल्या.

माझ्या लेकीला पेनाची टोपणं चावायची सवय होती. त्याच आठवड्यात एक टोपण हरवलं होतं. वहीत पेन या शब्दाला अर्थ एकच होता, आणि स्टमक म्हणजे पोट हे मला पक्कं पाठ होतं. तरी मी उतावळी नव्हते. मी खात्री करून घेतली.

“व्हिच पेन?”

मग बाई म्हणाल्या, “शार्प पेन.”

म्हणजे निबाचं. मी थँक यू म्हणून फोन ठेवला आणि काकूंना सांगितलं की पोरीनं निबाचं पेन गिळलंय. काकूंनी तोंडावर हात ठेवला. मग त्यांनी एकच प्रश्न विचारला, तो अगदी रास्त होता.

“अख्खा?”

आम्ही दोघी रिक्षानं शाळेत गेलो, पोरीला घेतलं, आणि वाशीला मोठ्या डॉक्टरांकडे निघालो. निब टोचू नये म्हणून रिक्षा इतकी सावकाश चालवायला लावली की सायकलवाले मागे वळून बघत होते. वाटेत मी लेकीला विचारलं, पेन गिळलंस का? ती म्हणाली, नाही, पोट दुखतंय. म्हटलं, दुखणारच, पेन आहे ते. गिळलंस का? नाही. टोपण तरी? नाही. असं चालू होतं. पाचव्यांदा विचारल्यावर ती हो म्हणाली. सात वर्षांच्या मुलीला आई पाचव्यांदा विचारते, तेव्हा तिला कोणतं उत्तर हवंय ते मुलीला कळलेलं असतं.

एक्स-रे निघाला. त्यात माझी लेक होती, दुसरं काही नव्हतं. डॉक्टरांनी मला एकटीला आत बोलावलं आणि शाळेतून नक्की काय सांगितलं ते विचारलं. मी ते वाक्य जसंच्या तसं, शाळेतल्या बाईंच्या सुरात म्हणून दाखवलं. शार्पसकट. डॉक्टरांनी चष्मा काढला, शर्टाला पुसला, पुन्हा घातला. वयानं मोठे होते, हसले नाहीत.

“पेन म्हणजे दुखणं हो, बाई. पोरीचं पोट दुखतंय. सकाळपासून काय खाल्लंय तिनं?”

चिंचा. शाळेच्या दारातल्या.

इथवर ठीक होतं. नव्या भाषेत माणूस चुकतो. पण बाहेर बाकावर काकू बसल्या होत्या, त्यांच्या मांडीवर पोर, आणि काकूंना कळलं म्हणजे संध्याकाळपर्यंत शिरवण्यापासून स्टेशनपर्यंत कळणार. हळदीकुंकवाला मेन आणि मेन समजावून सांगणारी मी. दारातून बाकापर्यंत आठ पावलं असतील. तेवढ्यात मी सगळं ठरवलं.

म्हटलं, नुसतं टोपण आहे. प्लास्टिक फोटोत दिसत नाही म्हणाले. दोनचार दिवसांत जाईल आपोआप.

निब मी तिथल्या तिथे रद्द केलं. ते फोटोत दिसलं असतं. बुद्धी अशी वेळेवर चालायची माझी, फक्त इंग्रजीत चालायची नाही.

काकू म्हणाल्या, मग तिला केली चार, केल्याबरोबर जाईल. आता मला नाही म्हणता येईना. आठ दिवस लेकीला सकाळ-संध्याकाळ केळी. औषधाची बाटली होती, ती मी ‘टॉनिक’ म्हणून दिली. यांना घरी आल्यावर सांगितलं, तेव्हा यांनी आधी खिशाला हात लावून विचारलं, माझं नाही ना? मग एक्स-रे ट्यूबलाइटसमोर धरून बराच वेळ पाहिला. म्हणाले, यात तर काहीच नाही. म्हटलं, प्लास्टिक दिसत नाही. हे म्हणाले, बरं. पुढे तो एक्स-रे सूर्यग्रहण बघायला उपयोगी पडला.

आणि ही गोष्ट घरात राहिली. लेकीनं लहानपणी पेनाचं टोपण गिळलं होतं. लग्न ठरताना जावयालाही मीच सांगितलं, रंगवून. लेक आज चाळिशीला आली, केळं तोंडात घालत नाही. वासानं उठून जाते. तिच्या घरात टोपणाचं पेन नाही, सगळी खटक्याची. नातीनं पेन्सिल तोंडाजवळ नेली की ओरडते, मी गिळलं होतं, माहितेय ना? आणि वर्षाच्या तपासणीला डॉक्टरांना न विसरता सांगते. यांना जाऊन पाच वर्षं झाली. तेही त्या ‘बरं’च्या पुढे काही बोलल्याशिवाय गेले.

तर सोमवार चार दिवसांवर होता आणि नात पेनच्या यमकात अजून रेन घालत होती. माझ्यामुळेच. पाच वर्षांची होती तेव्हापासून ती माझ्याकडे दुपारी असते; तिचा इंग्रजी ए माझ्यासारखा झाला होता. मी जितकं शिकवायला जावं तितकं बिघडत होतं. शुक्रवारी दुपारी ती कंटाळून म्हणाली, आजी, दोन्ही सेमच तर आहेत, मग काय फरक पडतो?

काय फरक पडतो ते मला माहीत होतं. वाशीपर्यंत जाऊन आलेली मी.

मी तिला सगळं सांगितलं. फोन, निब, रिक्षा, आठ पावलं, केळी. ती हसून हसून दिवाणावरून खाली आली. मग उठून बसली आणि विचारात पडली. तिचं म्हणणं पडलं की शाळेतल्या बाईंनी नीटच सांगितलं असणार, मी ऐकलं नाही. मग तिनं मला समोर बसवलं.

“पेन म्हणताना पटकन संपव. पेइन म्हणताना लांबव. दुखतं ना आजी, मग वेळ लागणारच.”

पेन. पेइन. मी दहा-बारा वेळा म्हटलं. आणि पासष्ट वर्षांत पहिल्यांदा मला तो दुसरा ए ऐकू आला, शेवटाला हळूच वळणारा. इतका साधा. तिनं दोन रांगा केल्या: एकीत पेन, हेन, टेन, दुसरीत पेइन, रेइन, ट्रेइन. रांगा एकदाही चुकल्या नाहीत. मी तिला बजावलं, गोष्ट आपल्या दोघींची, आईला सांगायची नाही. तिनं गळ्याची शपथ घेतली, माझ्या गळ्याची.

सोमवारी सातला लेक आली ती चपला न काढता आत आली. हातात फोन, त्यावर बाईंनी पाठवलेला परीक्षेच्या कागदाचा फोटो. नातीनं शपथ पाळली होती. आईला काही सांगितलं नव्हतं. वर्गाला सांगितलं होतं. पेन आणि पेइन हे दोन शब्द घेऊन, दोन्हींची यमकं अर्थांसकट बरोबर सांगून, तिनं वाक्य केलं होतं: माय मदर हॅड अ पेइन, माय ग्रँडमदर थॉट इट वॉज अ पेन. बाईंनी एक चांदणी दिली होती आणि खाली लिहिलं होतं, ही गोष्ट खरी आहे का?

लेकीनं फोन माझ्यापुढे धरला. मी म्हटलं, बघ, सगळं बरोबर आलं. चांदणी आहे.

“आठ दिवस केळी, आई.”

मी म्हटलं, केळी पोटाला चांगलीच असतात.

ती खुर्चीवर बसली. मागच्या महिन्यात तपासणीला डॉक्टरांनी ते टोपण लिहून घेतलं, सोनोग्राफीवाल्यानं मुद्दाम शोधलं, असं सगळं तिनं सांगितलं. सांगताना तिचं तिलाच हसू येत होतं, आणि ती ते येऊ देत नव्हती. बाबांना माहीत होतं का, असं विचारलं. मी म्हटलं, ते फक्त बरं म्हणाले होते. आठही दिवस केळी तेच आणत होते, यावरून काय ते समज. मग ती अगदी साध्या आवाजात म्हणाली,

“मी तुला सांगत होते ना. दुखतंय म्हणून.”

मला कुणालाही उत्तर द्यायला वेळ लागत नाही. त्या दिवशी लागला. इतका लागला की नात मधे आली आणि तिनं माझी वही आईच्या मांडीवर ठेवली. शुक्रवारपासून तिनं त्यात लाल पेन्सिलीनं तपासायला सुरुवात केली होती. पहिल्या पानावर सहा फुल्या, एक बरोबर. शेरा: ‘स्पष्ट बोल.’

लेकीनं पानं उलटली. मेनपाशी ओठ दाबले. वेटपाशी खांदे हलले. मग ती तलावापाशी आली, खालची बारीक ओळ वाचली, पुन्हा वाचली, आणि वही तोंडावर धरून हसली. बराच वेळ वही खाली आली नाही. आली तेव्हा तिनं नाक पुसलं आणि टेबलावरच्या टोपलीतून एक केळं उचललं. सोललं. अर्धं खाल्लं. आम्ही दोघी बघत होतो.

“नाहीच आवडत,” ती म्हणाली आणि उरलेलं माझ्या हातात दिलं.

बसचं काय, ते मी विचारलं नाही. नातीनं विचारलं. लेक म्हणाली, क्लास कुणाला लावायचा होता आणि गरज कुणाला आहे, तेच आता कळेनासं झालंय. आजीची वही तपासून होईपर्यंत बस इथेच थांबू दे. मग बघू.

नात आता रोज दोन पानं तपासते. शिक्षिका म्हणून कडक आहे. मला बाकावर उभं करते, बाक म्हणजे दिवाण. वहीत दीडशेएक पानं लिहिलेली आहेत, तेव्हा हिशेबानं जूनपर्यंत संपायला हवी.

पण सकाळी अकरा ते सव्वादोन मला तसं काही काम नसतं. वहीची शेवटची पन्नासेक पानं त्या विदुषीनं कोरीच ठेवली होती, आणि तसली निळी शाई स्टेशनसमोरच्या दुकानात अजून मिळते. काल मी लिहिलं: गेट म्हणजे दार, गेट म्हणजे मिळवणे, अर्थात दारात उभं राहिलं की मिळतं. अक्षर जरा थरथरतं हल्ली, पण नात अजून अक्षराकडे बघत नाही.